प्रेक्षक क्रमांक दोन

शंभर घरांच्या यादीतलं एकाहत्तरावं घर आपल्या आईवडिलांचं आहे, हे लक्षात आलं तेव्हा हर्षलाला आधी हसूच आलं.

यादी तिनेच काढली होती. बाणेरच्या एका टीव्ही बनवणाऱ्या कंपनीत हर्षला नलवडे आठ वर्षं आलेख वाचायचं काम करत होती. या वेळी वाहिनीची मागणी सोपी होती: ‘सात जन्मांची सावली’ ही मालिका राज्यात सर्वांत रंगून बघणारी शंभर घरं शोधून द्या, त्यांचा पुण्यात थाटात सत्कार करायचा आहे. यादीत नावं नसत, नुसते सेटचे क्रमांक आणि गाव असे. पण एकाहत्तराव्या क्रमांकापुढे कर्मचारी सवलतीची खूण होती आणि गाव होतं कराड. गेल्या दिवाळीला तिनेच तो टीव्ही स्वतःच्या नावावर घेऊन घरी बसवला होता. कराडात कंपनीचं दुसरं कोणी नव्हतं.

हसू यायचं कारण तिची आई. रत्नमालाबाई गेली तीस वर्षं शिवणक्लास चालवत होत्या. रोज आठ वाजता त्या टीव्हीसमोर बसत, पण ते हर्षलाच्या वडिलांना, अण्णांना, सोबत म्हणून. हातात हुक लावायचं किंवा काजं करायचं काम असेच. मालिकेत काय चाललंय म्हणून विचारलं तर त्यांना धड सांगता येत नसे. अशी बाई मालिकेत रंगणाऱ्यांच्या यादीत कशी आली, म्हणून हर्षलाने कुतूहलाने त्या घराचा आलेख उघडला.

तो टीव्ही नेमका काय करत होता, हे इथे सांगायला हवं. त्या वर्षांत निघालेल्या प्रत्येक नव्या सेटच्या चौकटीत नखाएवढं एक रडार बसवलेलं असे. ते अगदी क्षीण रेडिओलहरी खोलीत सोडी आणि माणसांना लागून परतणाऱ्या लहरी मोजी. श्वासाबरोबर आपली छाती काही मिलिमीटर हलते, आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर त्याहून कितीतरी कमी, पण हलते. तेवढ्या हालचालीवरून समोर किती माणसं बसली आहेत, कोणाचं हृदय कसं चाललंय, कोण सरकलं, कोण उठलं, हे अंगाला काहीही न लावता कळत असे. सेट सुरू करताना ‘मान्य आहे’वर बोट ठेवलं की ही परवानगी दिलेली असे. कॅमेरा नव्हता, आवाज टिपला जात नव्हता, त्यामुळे कोणी फारशी हरकतही घेतली नव्हती.

ही सगळी मापं ‘मर्मज्ञ’ नावाच्या यंत्रणेकडे जात. त्यांवरून ती प्रत्येक घराचा रंगतीचा अंक काढी आणि उद्याचा भाग त्या घरापुरता बदलून देई. नटांचे चेहरे आणि आवाज कराराने घेतलेले असल्यामुळे एकाच प्रसंगाची चाळीस रूपं काही मिनिटांत तयार होत. भागाचा बराचसा मजकूर सगळीकडे सारखाच असे, पण मोक्याच्या जागी वाटा फुटत. एखाद्या घरी नायक रागावून बाहेर निघून जाई. दुसऱ्या घरी तो बायकोच्या थोबाडीत मारी, मग ढसाढसा रडे, तिच्या मांडीवर डोकं ठेवी, आणि पुढच्या भागात दोघं गॅलरीत चहा पीत बसलेली असत.

कराडच्या घरी तो मारत होता. दिवाळीनंतरच्या पहिल्या महिन्यात त्याने एकदाच मारलं होतं. आता मार्च चालू होता आणि आठवड्यातून तीनदा मारत होता.

गोष्ट रंगली की आपलं हृदय धावायला लागतं असं आपण समजतो. प्रत्यक्षात लक्ष खोल गुंतलं की ते किंचित मंदावतं. शिवाय एकच गोष्ट ऐकणाऱ्या-बघणाऱ्या अनोळखी माणसांची हृदयं, ती कुठल्याही गावांत बसलेली असोत, बऱ्याचदा एकाच वळणावर मंदावतात आणि एकाच वळणावर सावरतात. हर्षलाचा हा हातखंडा विषय होता. सगळ्या राज्याची मिळून जी रेघ येई, ती हर्षला कुठल्याही घराच्या आलेखाखाली अंथरून बघत असे.

प्रेक्षक क्रमांक एकची, म्हणजे अण्णांची रेघ त्या रेघेशी बरीच जुळली. प्रेक्षक क्रमांक दोनची कुठेच जुळेना. आईचं हृदय शांत प्रसंगात उसळत होतं आणि रडारडीत सपाट जात होतं. ते पडद्याकडे बघतच नव्हतं. मग ते कशाकडे बघतंय, हे शोधायला हर्षलाला दुपार झाली. उत्तर त्याच आलेखावर, दोन बोटं वर होतं. अण्णा चष्मा घ्यायला वाकले की आईचे ठोके बाहत्तरावरून शंभरावर जात. अण्णांनी पाय खाली सोडला, पुन्हा शंभर. अण्णा खोकले, पुन्हा. आणि पडद्यावर थप्पड बसली की दर वेळी, अगदी दर वेळी, अण्णा जागेवरून उठत किंवा सरकत. आणि त्या क्षणी आईची रेघ सर्वांत उंच चढे.

मर्मज्ञला यातलं काही कळत नव्हतं. ठोके वाढले म्हणजे रंगत वाढली, एवढंच तिला शिकवलेलं. या घरात थप्पड दाखवली की एक हृदय जोरात उडतं, असं तिला दिसलं आणि तिने थपडा वाढवल्या.

हर्षलाने उरलेली नव्याण्णव घरं तपासली. त्रेसष्ट घरांत एक रेघ पडदा सोडून शेजारी बसलेल्या माणसाच्या हालचालींमागे धावत होती. सत्काराला निवडलेल्या घरांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश घरांत मालिकेत रंगलेलं कोणी नव्हतंच, भ्यालेलं होतं. भर म्हणजे, ज्यांचा अंक वरचा त्या घरांवरून मर्मज्ञ बाकीच्या लाखो घरांसाठी धडे घेत होती. धास्तावलेल्या बायकांच्या छातीवर कान ठेवून साऱ्या राज्याची मालिका लिहिली जात होती.

ती निनाद प्रभुदेसाईकडे गेली. हा तिचा वरिष्ठ, हुशार आणि सरळ माणूस. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की ठोके आजारानेही वाढतात, एवढ्यावरून कोणाच्या घरात काय चालतं हे सिद्ध होत नाही. आणि कोणाचीही नोंद तिच्या मालकाच्या संमतीशिवाय या इमारतीबाहेर गेली तर तो गुन्हा आहे. त्रेसष्ट घरांचे पत्ते पोलिसांना द्यावेत, हा तिचा विचार त्याने तिथेच मोडून काढला. ती उठली तेव्हा मात्र तो खिडकीकडे बघत म्हणाला, “नोंद ज्याची त्याने मागितली, तर कंपनीला ती द्यावीच लागते. कायद्यात तेही आहे. सहसा कोणी मागत नाही.”

शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीने हर्षला कराडला निघाली. वाटेत तिने अण्णांचा एखादा तरी रागाचा प्रसंग आठवून पाहिला. एकही सापडेना. यशवंत नलवडे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं त्यांनी कराड स्टँडच्या कर्ण्यावरून गाड्या पुकारल्या होत्या. सगळा तालुका त्यांचा आवाज ओळखत होता, आणि तो आवाज घरात कधी चढल्याचं तिला आठवत नव्हतं. शाळेत असताना तिच्या दोन वेण्या तेच घालत. आपला आलेख चुकला असेल, असं ती साताऱ्यापर्यंत स्वतःला समजावत राहिली. साताऱ्यानंतर तिने ते सोडून दिलं. तिचे आलेख चुकत नसत.

दुपारी अण्णा निवृत्त मंडळींच्या बैठकीला गेले होते. क्लासच्या मुली घरी गेल्या होत्या आणि आई मोठ्या टेबलावर ब्लाउज बेतत होती. हर्षलाने लॅपटॉप उघडून तिच्यासमोर ठेवला आणि नियम मोडून सोबत आणलेल्या दोन्ही रेघा समजावून सांगितल्या. आईने कात्री न थांबवता ऐकलं. मग कापड बाजूला सारून तिने त्या उंच चढलेल्या रेघेवरून बोट फिरवलं, उसवलेली शिवण बघावी तसं.

“ही मी का?” तिने विचारलं.

“हो.”

“बरोबर आहे की मग.”

त्यानंतर तिने जे सांगितलं ते फार थोडक्यात सांगितलं. हर्षला पोटात होती, सातवा महिना. आई न विचारता वडगावला बहिणीकडे गेली आणि परतायला उशीर झाला. अण्णा दुहेरी ड्यूटी करून आलेले, स्वयंपाक झालेला नव्हता. त्यांनी मारलं. ती ओट्याच्या कडेवर पडली. भुवईवरचा व्रण तिथला, लहानपणी खेळताना लागलं असं ती हर्षलाला सांगत आली होती. नंतर अण्णा रडले. मांडीवर डोकं ठेवून रडले. दुसऱ्या दिवशी साडी आणली. सासूबाई तेव्हा जी मालिका बघत, तिच्यात असंच काहीतरी झालेलं होतं. त्या म्हणाल्या, बघ, त्या पोरीनंही धरून ठेवलं नाही मनात.

“मग? पुन्हा?” हर्षलाने विचारलं.

“पुन्हा कधीच नाही. एकदाच.” आईने टेप गळ्यातून काढून ठेवली. “ते पुन्हा हात उचलणार नाहीत हे मला पटलंय गं. माझ्या अंगाला पटलं नाही.”

हर्षलाने त्या त्रेसष्ट घरांबद्दल सांगितलं, पोलिसांबद्दलही. आई म्हणाली, पोलीस येतील, विचारतील, निघून जातील. ते गेल्यावर दार लागेल, मग त्या बाईचं काय? असं परस्पर कोणाच्या घरात शिरायचं नाही. पण आपली स्वतःची रेघ तिला हवी होती. ती कुठे आणि कोणासमोर ठेवता येईल, ते तिने विचारून घेतलं. प्रसारणाविषयीच्या तक्रारी ऐकणारं एक मंडळ होतं. तिथे प्रेक्षकाला स्वतःच्या नावाने दाद मागता येई.

अडचण एकच होती. आईची एकटी रेघ काहीच सांगत नव्हती. ती अण्णांच्या हालचालींशेजारी ठेवली तरच तिचा अर्थ लागे, आणि अण्णांची नोंद अण्णांच्या मालकीची होती.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर आईने स्वतःच विषय काढला. आपण बोलू का, असं हर्षलाने खुणेने विचारलं होतं. आईने मान हलवून तिला गप्प बसवलं. अण्णा पेपर वाचत होते. आईने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“अहो, टीव्हीवर तो बायकोला मारतो, तेव्हा तुम्ही उठता कशाला?”

अण्णांनी पेपर खाली घेतला. हर्षलाला वाटलं, ते म्हणतील, मी कुठे उठतो.

“बघवत नाही मला,” ते म्हणाले.

“मला वाटायचं, तुम्हाला राग चढतोय.”

“राग? कोणाचा?”

“माझा. घरात आणखी कोण असतं?”

अण्णांचा चेहरा असा झाला की हर्षलाने नजर वळवली. “इतकी वर्षं?” त्यांनी विचारलं.

“इतकी वर्षं,” आई म्हणाली.

मग ते तुटक तुटक बोलले. रत्नाने पुन्हा कधी ती गोष्ट काढली नाही म्हणजे तिने ती मनातून टाकली, असं त्यांनी धरून चाललं होतं. आपण काढली तर जखम उघडेल म्हणून तेही गप्प राहिले. थप्पड आली की लाजेने त्यांना बसवत नसे. आणि ते उठले की तिचा जीव वर येई. आणि तिचा जीव वर आला की ते यंत्र पुढच्या भागात आणखी एक थप्पड आणून देई. असं पाच महिने दोघं एका सोफ्यावर बसून एकमेकांना छळत होती आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. हर्षलाने आलेखावर हे फिरतं चक्र दाखवलं तेव्हा अण्णांनी ते दोनदा समजावून घेतलं, गाड्यांचं वेळापत्रक तपासावं तसं.

संमतीचं ऐकल्यावर मात्र ते ताठरले. चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट चव्हाट्यावर कशासाठी, स्टँडवर उद्या तोंड कसं दाखवायचं, असं म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. आईने त्यांना अडवलं नाही की हर्षलाला त्यांच्या मागे जाऊ दिलं नाही. ती ब्लाउजला अस्तर लावत बसली.

दीडच्या सुमाराला ते परत आले. शर्ट घामाने भिजला होता. जेवायला न बसता त्यांनी हर्षलाला विचारलं, बोट कुठे ठेवायचं. ठेवलं. मग म्हणाले, “तिथं मला बोलायला लावू नका एवढंच.”

सुनावणी जूनच्या शेवटी पुण्यात झाली. तोपर्यंत हर्षलाला कामावरून बाजूला केलं होतं. सत्काराचा कार्यक्रमही वाहिनीने गुपचूप रद्द करून टाकला होता. मंडळाचे तीन सदस्य, कंपनीचे वकील, वाहिनीचे वकील, आणि प्रेक्षकांच्या खुर्च्यांत वीसेक माणसं. अण्णा शेवटच्या रांगेत बसले होते.

आलेख हर्षलाने समजावला. वकिलांनी निनादचेच मुद्दे मांडले, फक्त जास्त चढ्या आवाजात. मग वाहिनीचे वकील म्हणाले की मालिकेत हिंसेचं समर्थन केलेलं नाही, उलट नवरा प्रत्येक वेळी पश्चात्तापाने रडतो, प्रेक्षकांपुढे चांगलाच आदर्श जातो. अध्यक्षबाईंनी रत्नमालाबाईंना यावर काही म्हणायचं आहे का, असं विचारलं.

त्या उभ्या राहिल्या. क्लासमध्ये नव्या मुलींना ज्या आवाजात बेतणं शिकवत, त्याच आवाजात बोलल्या.

“तो रडतो ते खरंय. आमचे हेही रडले होते, आणि मनापासून रडले होते. पण तुमच्या मालिकेत पुढच्या भागात तिचा गाल बरा झालेला असतो आणि ती चहा पिते. माझा पुढचा भाग चौतीस वर्षं चाललाय साहेब. तो कोणी दाखवत नाही. तो या कागदावर आहे.”

वकिलांनी कागद चाळले. ही प्रेक्षक क्रमांक एकची नोंद त्याच व्यक्तीची कशावरून, संमती दबावाखाली घेतलेली नाही कशावरून, असं त्यांनी विचारलं. अध्यक्षबाईंनी ती व्यक्ती हजर आहे का, म्हणून खोलीभर नजर फिरवली. हर्षलाने मागे वळून बघायचं टाळलं. अण्णांना शब्द दिलेला होता.

मागे खुर्ची सरकली.

“मीच तो,” अण्णा म्हणाले. कर्ण्याशिवायही तो आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. “मी मारलं होतं. हिने सांगितलं ते सगळं बरोबर आहे.” आणि ते खाली बसले.

पुढचं सगळं हळूहळू झालं, पण झालं. मंडळाने निर्णय दिला की जी रेघ गोष्टीबरोबर न चालता खोलीतल्या दुसऱ्या माणसामागे धावते, ती रंगतीत धरता येणार नाही. ते ओळखायचं सूत्र हर्षलाचंच होतं. ते बसवण्यासाठी कंपनीने तिला परत बोलावलं आणि तिने सहा आठवडे राहून ते चोख बसवून दिलं. भीती वजा झाल्यावर मर्मज्ञच्या हिशेबात थप्पड एकदम नीरस ठरली. ऑक्टोबर संपेपर्यंत ती जवळजवळ सगळ्या घरांतून गेली. लेखकांना कितीतरी जागा मोकळ्या सापडल्या, आणि एका लेखिकेने त्यांतल्या एका जागी नायिकेच्या भावाचा असा काही प्रसंग लिहिला की राज्याची रेघ सबंध वर्षात झाली नव्हती एवढी मंदावली.

कराडच्या घरात काय झालं ते हर्षलाला आलेखावर बघता आलं नाही. सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी आईने सेटवरची परवानगी काढून घेतली होती. आता आमचं आम्ही बघू, असं तिने लेकीला सांगितलं. एवढं खरं की अण्णा महिनाभर स्टँडकडे फिरकले नाहीत, आणि मग एक दिवस गेले. तिथे कोणी काही बोललं नाही. फक्त जुन्या कंडक्टरांपैकी एकजण त्यांच्याशेजारी बराच वेळ बसून राहिला, आणि उठताना आपल्या घरी कधी येता म्हणून विचारून गेला.

बातमी पसरली तशा बायका आपापल्या नोंदी मागू लागल्या. पहिल्या महिन्यात नऊशे, तिसऱ्या महिन्यात अकरा हजार. आकड्यांच्या त्या गठ्ठ्यांचा अर्थ लावून द्यायला कोणी नव्हतं. हर्षलाने नोकरी सोडली आणि कराडला क्लासच्या अर्ध्या जागेत टेबल टाकलं. कोर्टात मान्य व्हावं म्हणून तिने नोंदपरीक्षकाचा परवानाही काढला.

पहिली आली ती उज्ज्वला पिसाळ, ओगलेवाडीची, अंगणवाडीत काम करणारी. वय पस्तिशीचं. तिने पिशवीतून लिफाफा काढून टेबलावर ठेवला. पलीकडे मशिनं चालू होती. हर्षलाने कागद उलगडले, खाली राज्याची रेघ अंथरली, आणि तिला सगळं दिसलं. हे या बाईला कसं सांगावं, याचा ती विचार करू लागली. शक्य तितक्या मऊ शब्दांत तिने सुरुवात केली, की ही वरची रेघ आहे ना, ती साधारण असं दाखवते की—

“ताई,” उज्ज्वला म्हणाली, “ते वाचून नका दाखवू. त्यात काय आहे ते मला माहीत आहे. मला फक्त त्याच्यावर तुमचा शिक्का पाहिजे. कोर्टात अकरा वाजताची तारीख आहे.”

हर्षलाने घड्याळ बघितलं. साडेदहा वाजले होते. तिने शिक्का उचलला.